काचेवरच्या अकरा रेघा

आमच्या गाडीच्या मागच्या काचेवर अकरा आडव्या रेघा आहेत, हे सगळ्यात आधी माझ्या सासऱ्यांच्या लक्षात आलं. गाडी जुनीच, दुसऱ्याकडून घेतलेली, पण अंगणात येऊन तासही झाला नव्हता. नवरा बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढत होता, सासूबाई चाकाखाली लिंबू सरकवत होत्या आणि मी गाडीची कागदपत्रं वाचत होते, कारण आमच्या घरात कागद वाचायचं काम माझ्याकडे आहे. आबा मात्र थेट गाडीच्या मागे गेले. चष्मा कपाळावर चढवला, काचेला जवळजवळ नाक लावलं आणि बोटाने मोजत म्हणाले, "अकरा रेघा शेत. बराबर सारख्या अंतरवर."

आबा म्हणजे माझे सासरे. सरकारी मोजणीदार होते. सगळी नोकरी शहादा, तळोदा, अक्कलकुव्याच्या शिवारांत लोकांचे बांध मोजण्यात गेली. निवृत्त झाले तेव्हा नोकरी सुटली, मोजणी काही सुटली नाही. माझं लग्न झालं त्या आठवड्यात त्यांनी ताटात वाढलेल्या माझ्या पोळीचा व्यास सांगितला होता. कौतुक म्हणून सांगितला की तक्रार म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. अशा माणसापुढे आखीव रेघा आल्या, की त्या कशासाठी असतील हा प्रश्नच उरत नाही. रेघ म्हणजे माप.

"गाडी मांगे लेवानं माप शे हाई," गाडी मागे घ्यायचं माप आहे हे, असा त्यांनी अहिराणीत निकाल दिला. "कंपनीवालासनी डोकं लायेल शे."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. हसू नका. आमच्याकडे उन्हाळ्यात स्टिअरिंगला हात लावायचा तर आधी ओलं फडकं फिरवावं लागतं. अशा जिल्ह्यात कोणी मुद्दाम काच तापवायची सोय करून ठेवली असेल, ही शंका शहाण्या माणसाला येणारच नाही. डॅशबोर्डवर एक बटण होतं, त्यावर एक चौकोन आणि तीन वाकडे बाण. नवऱ्याने ते दाबलं. नारिंगी दिवा लागला. "मागच्या सीटपर्यंत एसीची हवा पोचवायचं बटण आहे," तो म्हणाला. मागे बसलेल्या सासूबाईंनी काही गार लागत नसल्याचं सांगितल्यावर त्याने बटण नादुरुस्त असल्याचं जाहीर केलं आणि विषय मिटला.

गाडी घेतली होती माझ्यासाठी. मी प्राथमिक शिक्षिका आहे आणि त्या वर्षी माझी बदली धडगावच्या पुढे एका पाड्यावरच्या शाळेत झाली. घर लोणखेड्याला, शाळा घाटाच्या पलीकडे. जाणारी जीप भरल्याशिवाय निघत नाही आणि भरली म्हणजे किती, हे ड्रायव्हरच्या मनावर. पावसाळ्यात परतीची जीप मिळेलच असं नाही. तेव्हा दोनच वाटा होत्या. एक, धडगावात खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी घरी यायचं. दुसरी, गाडी शिकून रोज जाऊन येऊन करायचं. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती आणि रात्री पाढे म्हणता म्हणता माझ्या पदराचं टोक धरून झोपायची. मला रोज संध्याकाळी घरी यायचं होतं. बाकी गाडीची हौस वगैरे मला काडीची नव्हती.

घरात माझ्या बाजूने आबा होते आणि विरुद्ध बाजूला नवरा. नवरा नंदुरबारच्या एका कचेरीत नोकरीला आहे. घरात तो आमच्यासारखीच अहिराणी बोलतो, पण नकार द्यायचा असला की त्याच्या तोंडून कचेरीतली कागदी मराठी बाहेर पडते. "घाटात वाहन मागे घेण्याचा प्रसंग उद्भवल्यास काय?" त्याने विचारलं. स्वतः त्याने लग्नाआधी काढलेलं लायसन सांभाळून ठेवलं होतं आणि गाडी ब्राह्मणपुरीपर्यंत, सरळ रस्त्याने, एकदाच नेली होती. तिथेसुद्धा परत फिरायला जागा हवी म्हणून तो गावाला वळसा घालून आला. पण प्रसंग उद्भवू शकतो हे खरंच होतं. घाटात रस्ता अरुंद, समोरून एसटी आली की लहान गाडीने मागे सरायचं, हा तिथला रिवाज.

"मी शिकाडस तिले मांगे लेवानं," आबा म्हणाले.

आणि मग आमच्या अंगणात मोजणी सुरू झाली. आबांनी टेप काढली, चुन्याची पिशवी काढली. मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि सीटच्या पट्टीवर खडूने खूण केली: सीट इथून हलवायची नाही. आरशाला हात लावायचा नाही. मान ताठ, पाठ टेकलेली. मग गाडीच्या मागे प्लास्टिकची खुर्ची ठेवून ती फुटाफुटाने पुढे सरकवत ते ओरडायचे, "आते कोनती रेघ?" खुर्चीची पाठ आरशात ज्या रेघेला टेकलेली दिसायची ती रेघ मी सांगायची आणि ते वहीत लिहायचे. दोन दिवसांत तक्ता तयार झाला. वरून तिसरी रेघ, वीस फूट. सहावी, दहा फूट. नववी, पाच फूट. अकरावी, थांब. सुवाच्य अक्षरात लिहून तो तक्ता डॅशबोर्डवर चिकटवला.

पण आबांचं समाधान होईना. मागे किती अंतर ते कळत होतं, गाडी सरळ चालली की तिरपी ते कळत नव्हतं. त्यासाठी मध्य हवा. नातीची कंपासपेटी मागवली. काचेची रुंदी तीनदा मोजली आणि आतल्या बाजूने, गुडघे दुमडून मागच्या सीटवर बसून, कर्कटकाच्या टोकाने प्रत्येक रेघेच्या बरोबर मध्यावर एकेक खूण केली. नोकरीत दगडावर खुणा करायची सवय, त्यामुळे चांगली दाबून केली. अकरा रेघा, अकरा खुणा, एकाखाली एक.

आणि सांगायला हवं, की त्या मापाने मी शिकले. पंधरा दिवसांत मी आमच्या फाटकातून गाडी मागे काढत होते आणि मागेच आत आणत होते. गल्लीतले लोक बघायला थांबायचे. शेजारच्या काकांनी त्यांच्या गाडीची काच तपासली, तिला रेघा नव्हत्या. त्यांना फार वाईट वाटलं. आबांनी त्यांना रंगाने रेघा आखून देतो असं आश्वासनही दिलं होतं.

शाळा सुरू झाली, पाऊस लागला आणि एका रविवारी मी आबांना शेजारी बसवून घाटाची परीक्षा द्यायला निघाले. म्हसावदपर्यंत मी गाणी म्हणत होते. घाट लागला आणि ढग रस्त्यावर उतरले. पुढची काच एसी लावून साफ झाली. मागची काच दुधासारखी पांढरी झाली. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मी पुढे चालले होते. मग वळणावरून एसटी आली.

मी आरशात बघितलं. आरशात पांढरं फडकं. रेघ नाही, खूण नाही, रस्ता नाही.

"आबा, माले काहीच दिखी नही ऱ्हायनं."

"रेघा कोठे गयात?" आबा मागे वळून म्हणाले. कोणी बांध उचलून नेल्यासारखा त्यांचा आवाज झाला होता.

मी रुमालाने आरसा पुसला, ज्याचा काही उपयोग नव्हता. बाजूच्या आरशात बघायचं मला कोणी शिकवलंच नव्हतं, तक्त्यात ते नव्हतं. आबा छत्री घेऊन उतरले, मागे जाऊन हातवारे करू लागले, पण पांढऱ्या काचेतून मला तेही दिसेनात. एसटीने हॉर्न दिला. मग तिच्या मागच्या ट्रकने दिला. मग माझ्या मागे बरंच अंतर ठेवून थांबलेल्या जीपनेही, कारण हॉर्न द्यायला कारण लागतंच असं नाही. शेवटी एसटीचा ड्रायव्हर खाली उतरून आला. अजिबात रागावला नव्हता, तेच जास्त लागलं. म्हणाला, "ताई, उतरा तुम्ही. मी लेस मांगे." मी उतरले. भर पावसात, बसच्या सगळ्या खिडक्यांसमोर, मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि परक्या माणसाने माझी गाडी काच खाली करून, मुंडकं बाहेर काढून, दहा सेकंदांत मागे घेतली. शाळेत पोरांना फळ्यापुढे उभं करतो तेव्हा त्यांना काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी नीट कळलं.

घरी आल्यावर नवऱ्याने जास्त काही विचारलं नाही. आबांचं भिजलेलं धोतर बघून त्याला सगळं समजलं. "तूर्तास खोली घेणे उचित राहील," तो म्हणाला. धडगावातल्या एका ओळखीच्यांना फोनही लावला. खोली रिकामी होती. पुढच्या सोमवारपासून मी तिथे राहायचं ठरलं. मुलीला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, की शनिवार सोमवारनंतर कितवा येतो. मी बोटांवर मोजून दाखवलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण डबे घासले.

घासता घासता मला राग आला. काच पांढरी होते म्हणून मी पोरगी सोडून राहायचं? पुढच्या काचेला वायपर असतो, तसा मागच्या काचेला बसवून घेऊ. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि गाडी घेऊन शहाद्यात वायरिंगवाल्या चाचांकडे गेले. सोबत आबा होतेच. चाचांचं दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं, आणि वायरिंगवर त्यांचा हात बसलेला. त्यांनी माझं म्हणणं ऐकलं, मागची काच बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, वायपर कशाले? तुमनी काच तर तापस."

"तापस म्हणजे?"

"त्या तीन बाणवालं बटन दाबो. रेघा गरम व्हतस, धुकं उडी जास. ह्या रेघा नहीत, तारा शेत."

मी आबांकडे बघितलं. आबा काचेकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "मंग माप?"

"कसानं माप?" चाचा म्हणाले.

मी डॅशबोर्डवरच्या तक्त्यावर हळूच पर्स ठेवली.

चाचांनी बटण दाबलं. दिवा लागला. पाच मिनिटांनी काचेला हात लावला, काच थंडगार. मग त्यांनी शोध सुरू केला आणि मी तो बघत राहिले, कारण माझं सगळं त्यावर अडलेलं होतं. आधी फ्यूज बघितला, चांगला होता. रिले टक्‌ करून वाजत होता. मागच्या दाराच्या बिजागरीजवळ वायर वाकून वाकून तुटते म्हणे, तिथलं रबर काढून बघितलं, वायर शाबूत. काचेच्या कडेला जिथे वायर चिकटवलेली असते तिथे मीटर लावला, करंट येत होता. मग त्यांनी मीटरची एक पिन गाडीच्या पत्र्याला धरली आणि दुसरी पहिल्या रेघेवर ठेवून हळूहळू सरकवत नेली. मध्यापर्यंत आली आणि काटा एकदम खाली पडला.

"आठलोंग करंट शे," इथपर्यंत, असं बोटाने दाखवत चाचा म्हणाले. "आठेथून पुढे काहीच नही."

दुसरी रेघ, तेच. तिसरी, तेच. पाचव्या रेघेनंतर चाचांनी चष्मा काढून पुसला. "असा फॉल्ट मी जिंदगीमा नही देखा. अकराच्या अकरा तुटेल, आणि बराबर मधोमध. जसं कोन्ही मोजीसन कापेल शे."

दुकानात चाचांची दोन गिऱ्हाइकं बसली होती, तीही उठून बघायला आली. आबा छत्री दोन्ही हातांत धरून उभे होते. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. सोमवार ते शनिवार माझी पोरगी माझ्याविना राहणार होती, आणि कशासाठी, तर मध्य हवा होता म्हणून. पण ते एकेका खुणेकडे असे बघत होते, की माझ्याच्याने ते बघवेना. चारचौघांत त्यांची मान खाली गेलेली मला नको होती.

"पहिला मालकना घरना पोरेसनी करेल व्हई," मी म्हणाले.

"नही," आबा म्हणाले. "मी करेल शे. कर्कटक लईसन. मध्य काढाले."

चाचांनी मीटर खाली ठेवला. मग आबांनीच विचारलं, "पण चाचा, मध्य बराबर निंघना ना?"

चाचांनी टेप मागवून मोजलं. "सूतभर बी फरक नही," ते म्हणाले, आणि इतक्या सगळ्यात आबांचा चेहरा क्षणभर उजळला. मला हसू आवरेना. राग धरून ठेवायला जरा तरी जागा लागते, ती आबा ठेवत नाहीत.

चाचांकडे चांदीसारख्या रंगाची एक छोटी बाटली होती. तुटलेल्या जागी तो रंग भरला की करंट पुढे जातो. पहिली खूण त्यांनी स्वतः भरली. त्यांचा हात वायरींचा, ब्रशचा नव्हे. तुरीच्या दाण्याएवढा ठिपका झाला. आबांच्या घशातून एक आवाज निघाला. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी शेतांचे नकाशे शाईने काढले होते, त्यांना तो ठिपका सहन होणं शक्यच नव्हतं.

"आन इकडे," ते म्हणाले.

त्यांनी आधी प्रत्येक खूण स्पिरिटने पुसली. मग रेघेच्या वर आणि खाली चिकटपट्टी लावली, मधे केसाएवढी फट ठेवून. श्वास रोखून ते त्या फटीत रंग भरत होते आणि दर रेघेनंतर बाहेर येऊन पाठ सरळ करत होते. मी मागच्या सीटवर त्यांच्या बाजूला बाटली धरून बसले. एकदा माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "माय, मन्हामुळे तुले बसमधला लोकेससमोर उतरनं पडनं." मी म्हणाले, "आबा, तुमन्यामुळे मी घाटलोंग गऊ." ते खरंच होतं. त्यांनी नाक पुसलं आणि सातवी रेघ घेतली. जेवायची वेळ टळून गेली तेव्हा दहा खुणा भरून झाल्या होत्या, आणि पट्ट्या काढल्यावर रेघ कुठे तुटली होती ते शोधावं लागत होतं.

रंग वाळायला एक दिवस ठेवायचा होता. पुढच्या दिवशी लोणखेड्यात लख्ख ऊन पडलं. आता धुकं कुठून आणायचं? मग आम्ही पाचही जण, मी, नवरा, आबा, सासूबाई आणि मुलगी, काचा बंद करून गाडीत बसलो, मधे उकळत्या चहाचं पातेलं ठेवलं आणि मागच्या काचेवर तोंडाने हा हा करत वाफ सोडायला लागलो. गल्लीतून जाणारे वाकून बघत होते. शेजारच्या काकांनी काचेवर टकटक करून विचारलं, "काय चालू शे?" सासूबाईंनी आतून हातानेच सांगितलं, की सगळं ठीक आहे, जा. काच पांढरी झाल्यावर मी बटण दाबलं.

आधी काहीच झालं नाही. नवरा "अपेक्षित" असं काहीतरी म्हणायच्या बेतात होता. मग एका रेघेभोवतीचं धुकं विरायला लागलं, मग दुसऱ्या, मग सगळीकडे पट्टे पडत गेले आणि त्यातून आमचं फाटक दिसलं. मुलगी टाळ्या वाजवत रेघा मोजत होती. एक पट्टा मात्र पांढराच राहिला. पहिला.

"ती मन्ही नही," आबा ताबडतोब म्हणाले. "ती चाचानी."

त्याच दुपारी जाऊन त्यांनी तीही खरवडून नव्याने भरली. चाचांनी काही तक्रार केली नाही.

रविवारी पुन्हा घाट. या वेळी नवरा शेजारी बसला, खात्री करायला. आबा मागे, एका कोपऱ्यात अंग चोरून, काचेच्या मधे येऊ नये म्हणून. ढग उतरले, मी बटण दाबलं. वळणावर समोरून आली ती एकटी एसटी नव्हती, तिच्यामागे उसाचा रिकामा ट्रॅक्टर आणि दोन जीपही होत्या. नवऱ्याने डोक्यावरची कडी दोन्ही हातांनी धरली. मी आरशात बघितलं. रेघा होत्या, पण मला त्यांच्या पलीकडचा रस्ता दिसत होता, ओला, काळा, कडेला पांढरे दगड असलेला. तक्ता काय म्हणतो ते मला आठवलंच नाही. मी गाडी मागे घेतली. वळण घेऊन मागे घेतली. एसटी गेली, ट्रॅक्टर गेला, जीपवाल्याने जाताना हात केला.

"व्हयनं?" नवऱ्याने डोळे किलकिले करत विचारलं. त्याची कागदी मराठी त्याला सोडून गेली होती. "व्हयनं," मागून आबा म्हणाले. "चाल, माय, पुढे."

सोमवारी मी एकटी गेले. दिवसभर शाळेत मन लागलं नाही, खिडकीतून डोंगराकडेच बघत होते. शाळा सुटली, घाट उतरले, म्हसावद मागे पडलं तेव्हा पाऊस थांबला होता. फाटकाशी आले तर आबा ओट्यावर बसलेले. सासूबाई नंतर म्हणाल्या, की तीन वाजल्यापासून तिथेच होते, चहासुद्धा तिथेच घेतला. मी गाडी बंद केली तरी ते उठले नाहीत. आधी त्यांनी विचारलं, "गाडी मांगे लेनी पडनी का?"

"तीनदा."

"कोन्ही उतारं का तुले?"

"कोन्ही नही, आबा."

तेव्हा कुठे ते उठले. मग घराकडे तोंड करून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्यांनी माझ्या मुलीला हाक मारली, "भाईर ये वं, तुन्ही माय उनी! आज सोमवारच शे!"